धाप लागली तरी चालू दे त्यांना

अगं, आधी एक सांग, दुपारी नीट जेवलीस का? सासूबाईंना दवाखान्यातून घरी आणल्यापासून तुझा दिवस कसा जात असेल ते मला न सांगता दिसतंय. सकाळी पंप, मग नेब्युलायझर, मग बोटाला ऑक्सिमीटर, आणि आकडा एकाने जरी खाली आला की तुझ्या पोटात गोळा. त्या पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेल्या. पाणी तू हातात देतेस, ताट तू नेतेस, वेणी तू घालतेस, मोरीपर्यंत हात धरून तूच नेतेस. त्या जरा उठू लागल्या की तुझ्या तोंडून आपोआप निघतं, "आई, बसा बसा, मी आहे ना!"

रागावू नकोस, पण हे "बसा बसा" आता थांबवायचं. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या यादीखाली डॉक्टरांनी 'पल्मनरी रिहॅबिलिटेशन', म्हणजे फुप्फुसाच्या रुग्णांसाठीचा व्यायामाचा कार्यक्रम, लिहिलंय बघ. गोळ्या आणि पंप आणायच्या धांदलीत त्या ओळीकडे बघायला तुला वेळ झालेला नाही, ते साहजिक आहे. पण त्या ओळीचं काम औषधाइतकंच मोलाचं आहे, आणि ते तुझ्या घरात, तुझ्या देखरेखीखाली होऊ शकतं. म्हणून आज तुला हाताला धरून बसवतेय.

सासूबाईंना झालेल्या सीओपीडीत, म्हणजे फुप्फुसाच्या या जुनाट आजारात, माणसाला जिना चढताना दम लागतो. दम लागतो म्हणून तो जिना चढायचं सोडतो. मग दुकानापर्यंत जायचं सोडतो, मग अंगणात, मग स्वयंपाकघरात. महिन्याभरात पायांचे स्नायू इतके ढिले पडतात की पलंगावरून मोरीपर्यंतसुद्धा धाप लागते. आपण म्हणतो, छाती आणखी बिघडली. छाती बिघडलेली असतेच, पण त्या जादा धापेतला मोठा वाटा पायांचा असतो. न वापरलेला स्नायू लवकर थकतो, त्यात लवकर आम्ल साठतं आणि तेवढ्याच कामाला जास्त श्वास मागतो. फुप्फुसाला झालेली इजा भरून येत नाही गं, हे मी तुला गोड बोलून लपवणार नाही. आठ आठवडे व्यायाम करून स्पायरोमेट्री, म्हणजे श्वासाची तपासणी, केलीस तर आकडे जवळपास तेच येतील. पण पाय पुन्हा तयार होतात, अगदी सत्तरीतही. आणि पाय तयार झाले की त्याच फुप्फुसांवर माणूस जास्त चालतो, स्वतःची आंघोळ स्वतः करतो, नातवाला खाली शाळेच्या बसपर्यंत सोडायला जातो.

पूर्वी डॉक्टरसुद्धा अशा रुग्णांना पडून राहा म्हणायचे. १९६० च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हरला डॉ. थॉमस पेटी यांच्यासारख्यांनी रुग्णांना ऑक्सिजन लावून चालायला लावलं आणि हळूहळू मत बदललं. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला. अशा कार्यक्रमाने धाप कमी होते, चालण्याची ताकद वाढते आणि रोजचं जगणं सुधारतं, हे त्यात इतकं स्पष्ट दिसलं की आता यावर वाद उरलेला नाही.

आता तू म्हणशील, ताई, हे सगळं मोठ्या हॉस्पिटलात होतं, आम्ही सिडकोत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आठवड्यातून दोनदा रिक्षा करून यांना नेणार कोण? आणि माझी एक मैत्रीण तर दिंडोरीकडच्या खेड्यात आहे, तिला द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते, ती नाशिकच्या खेपा कुठून घालणार? बरोबर आहे तुझं. म्हणूनच मेलबर्नच्या प्राध्यापक ॲन हॉलंड यांनी केलेलं काम मला फार आवडतं. त्यांनी १६६ रुग्णांचे दोन गट केले. एक गट केंद्रात जायचा. दुसऱ्या गटाच्या घरी फिजिओथेरपिस्ट फक्त एकदा जायचा आणि नंतर आठवड्याला एक असे सात फोन. बस, एवढंच. आठ आठवड्यांनी घरी व्यायाम करणारे चालण्यात केंद्रवाल्यांपेक्षा मागे नव्हते. २०१७ मध्ये हे छापून आलं. आणि गंमत बघ, घरच्या गटातल्या दहातल्या नऊ जणांनी कार्यक्रम पुरा केला, केंद्रात जाणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांनी. रिक्षा, जिना, पाऊस, घरातली कामं, सगळीकडे सारखीच असतात गं!

तेव्हा तुला शोधायचाय एक फिजिओथेरपिस्ट, जो एकदा घरी येईल आणि पुढे आठवड्याला फोनवर किंवा व्हिडिओवर भेटेल. आपल्या नाशिकला माणसांचा तोटा नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे, मविप्र संस्थेचं फिजिओथेरपी महाविद्यालय गावातच आहे, आडगावला मेडिकल कॉलेज आहे, सिव्हिल आहे. चौकशीला तिथून सुरुवात कर. फक्त फोनवर पहिला प्रश्न हा विचार, "तुम्ही छातीच्या रुग्णांचं काम करता का?" कारण गुडघा आणि कंबर बघणारे पुष्कळ भेटतात, छातीचं करणारे कमी. आणि आधी डॉक्टरांना विचार की हृदय ठीक आहे ना, व्यायामाच्या वेळी ऑक्सिजनचा आकडा कितीच्या खाली जाऊ द्यायचा नाही, ऑक्सिजन लावूनच चालायचं का. शक्य असेल तर त्यांची सहा मिनिटांची चालण्याची चाचणी करून घे. सहा मिनिटांत किती मीटर झाले तो आकडा लिहून ठेव, दोन महिन्यांनी तुला तोच सगळ्यात जास्त आनंद देईल. तीस मीटर वाढले तरी ती खरी सुधारणा धरतात.

एक गोष्ट मनातून काढून टाक, आणि सासूबाईंच्याही. "मी कधी बिडीला हात लावला नाही, मला हा आजार कसा झाला?" असं त्या विचारतात ना? त्या वेळी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेल्या डॉ. संदीप साळवी यांनी डॉ. पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याच विषयावर लेख लिहिला, धूम्रपान न करणाऱ्यांचा सीओपीडी. चुलीचा धूर, धुळीची कामं, जुना टीबी, लहानपणची फुप्फुसाची दुखणी, अशी कारणं त्यात आहेत. माझ्या आईचंही असंच होतं. निफाडकडच्या घरात जन्मभर गोवऱ्या आणि काटक्यांवर स्वयंपाक, थंडीत पहाटे उठून बंब पेटवायचा, आणि निफाडची थंडी तर तुला ठाऊकच आहे. सिन्नरला घरात बसून बिड्या वळणाऱ्या बायकांनी स्वतः कधी बिडी ओढली नसेल, तंबाखूची धूळ मात्र वर्षानुवर्षं त्यांच्या नाकातोंडात गेली. २०१६ मध्ये देशात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. सासूबाई एकट्या नाहीत, आणि त्यांचा यात काडीचाही दोष नाही. हे त्यांना एकदा नाही, चारदा सांग.

आता मुख्य अडचणीकडे येऊ या, ती म्हणजे भीती. त्यांची आणि तुझीही. धाप लागली की त्यांचे डोळे मोठे होतात, आणि ते डोळे बघून तुझे हातपाय गळतात. खरं सांगू का, चालताना लागणारी धाप ही इजा नव्हे. बसल्यावर काही मिनिटांत ती ओसरत असेल तर ती कामाची धाप आहे, आणि तीच आपल्याला हवी आहे. फिजिओथेरपिस्ट शून्य ते दहाचा एक मापदंड वापरतात. शून्य म्हणजे अजिबात दम नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतका. साधारण तीन-चारवर काम चालू ठेवायचं. त्या वेळी त्यांना दोन-चार शब्दांचं वाक्य बोलता आलं पाहिजे, आणि तेवढ्यात थोडा थांबाही घ्यावासा वाटला पाहिजे. अगदी आरामात गप्पा मारत असतील तर वेग वाढव, एक शब्दही फुटत नसेल तर थांबव. चालता चालता त्यांना सहज विचार, "आई, आज भाजी काय करू?" उत्तर कसं येतं त्यावरून तुला आकडा कळेल.

आणि धाप लागल्यावर काय करायचं हे आधी शिकवून ठेव, म्हणजे भीती अर्धी होते. या आजारात हवा आत जाते, पण बाहेर पडायला वेळ लागतो. सीबीएसवर एसटी लागली की उतरणारे उतरायच्या आत चढणारे घुसतात आणि दारातच कोंडी होते, तसं छातीत होतं. जुनी हवा निघालेली नसते, वर नवीन कोंबली जाते. म्हणून "मोठा श्वास घ्या" असं ओरडून उपयोग नाही, श्वास सोडायला सांग. नाकाने हळू आत, मग ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा हळूहळू बाहेर, आत घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ. फुंकर जोरात नको, गाल फुगवून नको. ओठ आवळल्याने आत थोडा दाब राहतो आणि बारीक नळ्या लवकर मिटत नाहीत. बसलेल्या असतील तर कोपरं मांड्यांवर टेकून पुढे झुकू दे, उभ्या असतील तर ओट्यावर हात टेकून. हे धाप नसताना रोज करून घे. ऐन धापेत नवीन काही शिकता येत नाही.

दुसरं तंत्र त्याहून सोपं. जोर लावायच्या क्षणी श्वास सोडायचा. खुर्चीतून उठताना फुंकर, पायरीवर पाऊल टाकताना फुंकर, बादली उचलताना फुंकर. बायका नेमकं उलट करतात, जोर लावताना दम रोखून धरतात. सासूबाईंचं लक्ष नसेल तेव्हा बघ, त्याही तेच करत असतील.

आता व्यायाम. सामान काही विकत आणू नकोस. घरात लांब पट्टा कुठे मिळतो ते बघ, बहुतेक हॉलच्या खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. वाटेतली सतरंजी, पायपुसणं, खेळणी उचल. मध्ये एक खुर्ची ठेव, नुसती दिसली तरी त्यांना धीर येतो. पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटं चालल्या, बसल्या, फुंकर घातली, पुन्हा दोन-तीन मिनिटं, एवढंच पुरे. मग दर दोन-तीन दिवसांनी मिनिटभर वाढव. बसण्याचे थांबे कमी होत जातात आणि चालण्याची मिनिटं वाढत जातात. एकूण वीस ते तीस मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस, हे गाठायचं ठिकाण. तिथं पोहोचायला आठ आठवडे आहेत, पहिल्या सोमवारीच गाठायचं नाहीये! फेऱ्या मोजायचं काम नातवाला दे. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत रोजची मिनिटं आणि धापेचा आकडा लिहायचा. त्या चौकटी भरत गेलेल्या बघून सासूबाईंना जो हुरूप येतो तो तुझ्या दहा सूचनांनी येणार नाही.

चालण्याबरोबर ताकद. पाठ टेकायची साधी खुर्ची भिंतीला लावून ठेव म्हणजे सरकणार नाही. हात न टेकता उठायचं, बसायचं, पाच-सहा वेळा, थांबायचं, पुन्हा. सुरुवातीला हात टेकले तरी चालतील. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन खांद्यापर्यंत उचलायच्या, सुरुवातीला अर्ध्याच भरलेल्या. हे आठवड्यातून दोन-तीन दिवस, एक दिवसाआड. पाय दुखले तर दुखू देत थोडे, बऱ्याच दिवसांनी ते कामाला लागलेत. गुडघ्यात कळ आली तर मात्र फिजिओथेरपिस्टला सांग, बदल करून देतील.

इथं माझं एक ठाम मत ऐक. कोविडनंतर घरोघरी ते तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र येऊन पडलंय. शेजारच्या काकू सांगतील, ते फुंका. कोणी सांगेल, कपालभाती करा, भस्त्रिका करा. आपल्या नाशिकला योगाची मोठी परंपरा आहे, तिचा मला आदर आहे. सावकाश श्वासाने मन शांत होतं, ते जरूर करू देत. पण या आजारात श्वास रोखून धरणं आणि जोरजोरात श्वास फेकणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. आणि यातलं काहीही चालण्याच्या जागी बसवू नकोस. पाय हललेच पाहिजेत. श्वासाचा आजार म्हणून फक्त श्वासाचा व्यायाम, हा समज फार पसरलाय आणि त्यापायी कितीतरी माणसं पलंगावरच राहतात.

मग बाहेर कधी न्यायचं? दोन-तीन आठवड्यांनी जिना उतरायचा धीर आला की ने. कृषीनगरचा ट्रॅक आहे, इंदिरानगरचा आहे, गोल्फ क्लबचं मैदान आहे, सपाट आणि बसायची सोय असलेलं कुठलंही चालेल. जिना चढताना घाई नको, दोन पायऱ्या, थांबा, फुंकर, मग पुढच्या दोन. प्रत्येक मजल्याच्या वळणावर शेजारणीच्या परवानगीने एक स्टूल ठेवता आलं तर बघ. थंडीत मात्र पहाटे गोदाकाठी फिरायला जायचा हट्ट नको. धुकं, गारवा आणि शेकोट्यांचा धूर एकत्र होतो. ऊन वर आल्यावर, नऊ-दहाला न्यावं, नाकतोंड ओढणीने झाकून. सिंहस्थ जवळ आला की आपल्याकडे रस्त्यांची खोदाई निघते, त्या धुळीच्या दिवसांत घरातला पट्टाच बरा. नाशिकचं नाव केंद्राच्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणजे हवेची काळजी आपल्यालाही आहेच. द्राक्षबागेजवळ राहणाऱ्या मैत्रिणींनी फवारणीच्या वेळी खिडक्या बंद ठेवाव्यात.

घरातल्या धुराबद्दल मी थोडी कडक होणार आहे. डासांची कॉइल बंद. धूप बंद. उदबत्ती बंद, देव रागावत नाही, फूल वाहा. मिरचीच्या फोडणीच्या वेळी सासूबाई आतल्या खोलीत आणि एक्झॉस्ट सुरू. गावाकडे गेल्यावर "चुलीवरचं पिठलं खाऊ" असं जावा म्हणतील तेव्हा तू मध्ये पड. आणि घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्याला गॅलरीत पाठवून भागत नाही. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. नंबर फ्रिजवर लाव. मी मामंजींचं नाव घेत नाहीये, पण तुला कळलं.

आता त्या "बसा बसा"च्या जागी काय आणायचं ते ऐक. त्यांचं काम काढून घ्यायचं नाही, काम करायची तऱ्हा बदलायची. आंघोळ स्टुलावर बसून. बादली दुसऱ्या छोट्या स्टुलावर, म्हणजे वाकावं लागणार नाही, वाकलं की पोट वर दाबतं आणि श्वास कोंडतो. पाणी कढत नको, दार किंचित उघडं, वाफ साठायला नको. अंग पुसायची धडपड नको, मोठा पंचा किंवा टॉवेलचा गाऊन अंगावर घ्यायचा आणि बसून राहायचं, आपोआप कोरडं होतं. कपडे दोरीवर वाळत घालायचं काम त्यांना देऊ नकोस. हात डोक्यावर गेले की मानेखांद्याचे जे स्नायू श्वासाला मदत करत असतात ते हातांच्या कामात अडकतात, म्हणून एवढ्याशा कामाने त्या हाशहुश करतात. खाली ठेवायचा स्टँड असेल तर मात्र खुशाल घालू देत. भाजी निवडणं, मटार सोलणं, पोळ्या लाटणं डायनिंग टेबलाशी बसून, कोपरं टेकून. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळीवर. आणि जड कामं एकामागोमाग एक नकोत. आंघोळ झाली की अर्धा तास निवांत, मग जेवण, लगेच व्यायाम नाही.

माझ्या आईला पोळ्या लाटायच्या होत्या. आम्ही सगळ्यांनी तिला त्या कामातून मोकळं केलं होतं आणि ती दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. टेबलाशी बसून चार पोळ्या लाटायला लागली तेव्हा तिचा आवाज परत घरात ऐकू यायला लागला. म्हणून सांगते, सासूबाईंना विचार, "आई, तुम्हाला कुठलं एक काम परत करावंसं वाटतं?" उत्तर काहीही असू दे, देवळापर्यंत जाणं असेल, तुळशीला पाणी घालणं असेल, भाचीच्या लग्नाला दोन तास बसणं असेल. आठ आठवड्यांचा सगळा व्यायाम त्या एका कामाकडे वळव. या आजारात मन खचणं फार असतं गं. झोप नाही, जेवणावर वासना नाही, सारखं रडू येतं असं दिसलं तर तेही डॉक्टरांना सांग, त्यालाही उपचार आहे.

खाण्याचं थोडक्यात सांगते, कारण ते तुला माझ्याइतकंच येतं. पोट तुडुंब भरलं की श्वासाला जागा उरत नाही, म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी. प्रत्येक वेळी थोडं प्रथिन हवंच, मटकीची उसळ, मुगाचं धिरडं, अंडं, पनीर, दाण्याची चटणी. वजन उतरत असेल तर ती चांगली खूण नाही, डॉक्टरांच्या कानावर घाल.

पंप घेताना स्पेसर वापरतात ना? आणि नंतर चूळ? पंपाची सवय लागते, त्याने छाती कमजोर होते, असं कोणी म्हणालं तर कानावर घेऊ नकोस. पंपाचं औषध श्वासनळीत नीट पोहोचतंय का ते पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवायला सांग त्यांना, पुष्कळांची पद्धत चुकलेली निघते. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर चालायच्या थोडं आधी पंप घेतला की चालणं सोपं जातं. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तेव्हा.

आणि ऑक्सिजनचं मशीन लागलं म्हणजे शेवट जवळ आला, असं मानून नातेवाईक भेटायला येऊ लागतील, त्यांना चहा दे आणि सांग की तसं काही नाही. ज्यांचा ऑक्सिजन कायम कमी असतो त्यांनी दिवसातून पंधरा तासांहून जास्त लावला तर आयुष्य वाढतं, हे १९८० च्या सुमारास सिद्ध झालंय. लांब नळी लावून त्याच्यासह चालायचं, फक्त नळी पायात येऊ देऊ नकोस. घाबरून स्वतःच्या मनाने प्रवाह वाढवायचा नाही, या आजारात गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनने काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी येते. बऱ्याच जणांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ हाच आकडा ठरवून देतात, त्यामुळे ९१ दिसलं म्हणून रात्र जागवू नकोस. समई, निरांजन, गॅसची शेगडी मशीनपासून किमान दहा फूट लांब. नाकाला व्हॅसलीन किंवा बाम लावू नकोस, ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतात. वीज गेल्यावर काय करायचं ते आजच ठरवून ठेव, मशीन इन्व्हर्टरवर चालतं का ते इलेक्ट्रिशियनला विचार आणि छोटा सिलिंडर जवळ ठेव.

थांबायचं कधी, हे पाठच कर. ताप, बेडका हिरवा-पिवळा झाला किंवा एकदम वाढला, नेहमीपेक्षा जास्त धाप, पंप वारंवार लागतोय, तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या हद्दीच्या खाली उतरला तर लगेच बसवायचं. आणि बसून, फुंकर घालून, पंप देऊनही दम बसत नाही, ओठ निळसर झाले, दोन शब्द बोलता येत नाहीत, गुंगी आली किंवा काहीतरीच बडबड करायला लागल्या, तर घरगुती उपाय नाहीत, वाफ नाही, शेक नाही. १०८ लाव, थेट दवाखाना.

मध्ये असं आजारपण येईलच. पावसाळ्यात येईल, दिवाळीच्या फटाक्यांनंतर येईल, थंडीत येईल. आठवडाभर पडून राहिल्या की कमावलेलं निम्मं गेल्यासारखं वाटेल आणि तू म्हणशील, गेलं सगळं पाण्यात. नाही गं. बरं वाटायला लागलं की डॉक्टरांना विचारून पुन्हा दोन-तीन मिनिटांपासून सुरू करायचं, दुसऱ्या वेळी मिनिटं भराभर वाढतात कारण तंत्र आता त्यांच्या अंगात असतं. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे तर चालायला लावायला फार मोलाचे असतात, म्हणून मी आज इतकी मागे लागलेय. मेलबर्नच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. वर्षभरानंतर दोन्ही गटांची कमाई बरीचशी ओसरली होती. म्हणजे आठ आठवडे झाले, सुटलो, असं नाही. चालणं दात घासण्यासारखं रोजचं व्हायला हवं, आणि ते तू एकटीने ओढायचं नाहीस. नवऱ्याला शनिवार-रविवार दे, नणंदेला फोनवरची चौकशी दे. "आज किती मिनिटं चाललीस गं आई?" एवढंच तिने रोज संध्याकाळी विचारायचं. लेकीला उत्तर द्यायचं म्हणून आया चालतात, मी बघितलंय.

तू स्वतः त्या वीस मिनिटांत काय करशील सांगू? पहिला आठवडा त्यांच्यासोबत चाल. नंतर खुर्चीत बसून चहा पी, नुसती बघत राहा. त्यांना धाप लागेल, त्या ओट्याशी थांबतील, ओठांचा चंबू करतील. तुझा हात पुढे जाईल तो आवर, मनात तीसपर्यंत मोज. बहुतेक वेळा त्या स्वतःच पुढे चालायला लागतील.

उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून ऑक्सिजनची हद्द आणि हृदयाचं विचारून घे, मग फिजिओथेरपिस्टला फोन. परवा खुर्ची भिंतीला लाव आणि कालनिर्णयवर पेन दोऱ्याने बांधून ठेव. पहिल्या आठवड्याची मिनिटं मला रविवारी कळव, कितीही कमी असली तरी. आणि आता ऊठ, आधी जेवून घे.